काळ्या धुराचा फोटो

आमच्या घराला दोन बॉयलर होते. एक नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. तो धुळे ते चाळीसगाव या रेल्वेफाट्यावरची प्रवासी गाडी ओढत असे. दुसरा मायचा, म्हणजे मोरीबाहेर तीन विटांवर ठेवलेला तांब्याचा बंब. दोन्हींची रचना मुळात एकच, हे नानांनी मला फार लवकर समजावून सांगितले होते: आत जाळ, जाळाभोवती पाणी, वर धुराडे आणि खाली राखेची जागा. पहिला बॉयलर चालवण्याचा अधिकार मला नव्हता. दुसरा मात्र दहाव्या वर्षापासून माझ्या ताब्यात होता आणि तो पेटवण्याचे शिक्षण मला एका अनुभवी चालकाकडून मिळाले होते. कोळसा एकदम ओतायचा नाही. थोडा घालायचा, पसरून घालायचा, आणि तो लाल झाल्याशिवाय पुढचा घालायचा नाही. राखेचे दार बोटभर उघडे ठेवायचे, म्हणजे खालून हवा येते. हे सगळे नीट जमले की नाही, ते पाहायला वाकून जाळ बघावा लागत नाही. मान वर करून धुराड्याकडे बघायचे. धूर पांढुरका आणि विरळ असला तर पेटवणारा हुशार. काळा असला तर कोळसा न जळताच वर चालला आहे आणि पेटवणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे आहे. “काया धूर म्हंजे डायवरनी लाज,” असे नाना म्हणत. शेजारच्या क्वार्टरमधल्या बंबातून काळे लोट निघाले की ते अंगणात उभे राहून दुसऱ्याच्या पोराचे प्रगतिपुस्तक पाहावे तसे त्याकडे पाहत.

संध्याकाळची गाडी मोहाडीकडच्या फाटकाजवळ आली की शिट्टी होई. फाटकावर शिट्टी देणे हा नियम होता, सगळेच चालक देत. पण नानांच्या शिट्टीचे शेवटचे टोक एकदम तुटत नसे. ते हळूहळू खाली येई, जिना उतरल्यासारखे. ती ऐकली की माय स्वयंपाकघरातून म्हणे, “कुमू, बंब पेटाड.” त्यानंतर बरोबर तासाभराने नाना घरी येत. गाडी फलाटावर लागायची, इंजिन शेडमध्ये न्यायचे, राख पाडायची, पाणी भरायचे, वहीत नोंद करायची आणि मग पायी घर. तोवर पाणी कढत झालेले असे. दारातून येणाऱ्या माणसाचे फक्त डोळे आणि दात ओळखू येत. माय तांब्याने पाणी ओतत राही, नाना साबणाने कोपरापर्यंत हात धूत, आणि मोरीतले काळे पाणी निवळेपर्यंत दोघांपैकी कोणीही बोलत नसे. मग पाटावर कळण्याची भाकरी, वाफाळलेली उडदाची डाळ, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि हिवाळ्यात भरीत. आज माझ्या घरी भिंतीवर गॅसचा गिझर आहे. तो बटण दाबले की पाणी देतो आणि कोणाची वाट पाहत नाही. त्यामुळे पाणी तापवणे हे कधीकाळी वाट पाहण्याचेच दुसरे नाव होते, हे माझ्या नातीला समजावून सांगणे कठीण जाते.

नानांचा दुसरा विषय तबला. रेल्वे कॉलनीच्या भजनी मंडळात ते गुरुवारी तबला वाजवीत. पार्सल कचेरीतल्या एका रीतसर शिकलेल्या कारकुनाकडून त्यांनी मुळाक्षरे घेतली होती. पण त्यांचा खरा गुरू इंजिनच असावे. वाफेच्या इंजिनाचे मोठे चाक एकदा फिरते तेव्हा धुराड्यातून चार फुसकारे निघतात. चार फेऱ्यांचे सोळा फुसकारे, आणि तीनतालाच्या मात्राही सोळाच. हे गणित त्यांनी मला ताटावर बोटे आपटत शिकवले होते. शिरूडचा चढ लागला की विलंबित लय, उतार लागला की द्रुत. एखादी झडप जरा सरकली की चारातला एक फुसकारा उशिरा पडे. मग नाना घरी आल्यावर म्हणत, “आज ठेका लंगडा व्हता,” आणि दुसऱ्या दिवशी शेडमधले मिस्त्री ती झडप काढून पाहत. मी पुढे आयुष्यभर विज्ञान शिकवले. नादातून दोष ओळखणे ही निरीक्षणाची उत्तम रीत आहे, हे मी वर्गात सांगत असे, पण ते कोणाकडून शिकले ते सांगत नसे.

आता भास्करमामाची ओळख करून देते. हा मायचा धाकटा भाऊ. जळगावला त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या जिभेला फिल्मसारखा चोवीस तास अंधार सोसत नसे; ती सतत उजेडात असे. एका दिवाळीला तो आमच्याकडे आला तो नवा कॅमेरा घेऊनच. फाट्यावरची वाफेची इंजिने आता जाणार, डिझेल येणार, अशी बातमी तेव्हा पक्की झाली होती. जेवताना मामा म्हणाला, “दाजी, उद्या बोरविहीरच्या वळणावर उभा राहतो. तुमचा असा फोटो काढतो, की शंभर वर्षांनी पोरं बघतील. फक्त एक करा. वळणावर जरा धूर सोडा. चांगला काळाभोर.”

नानांनी भाकरी मोडता मोडता विचारले, “कशाले?”

“कशाले म्हणजे? धुराशिवाय इंजिन म्हणजे बिनमिशीचा फौजदार!”

“मनं इंजिन फौजदार नही. ते काम करस,” नाना म्हणाले, आणि त्यांनी डाळ मागितली. विषय संपला.

मामाच्या बाजूने मात्र तो संपला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी नानांचा डबा शेडमध्ये पोहोचवायला मी निघाले तेव्हा तो दाराशी थांबला होता. “कुमू, डबा दाजींना दे. आणि शांतारामला हळूच सांग, बोरविहीरच्या वळणावर चार फावडी जास्त टाक. मामांनी सांगितलंय म्हणावं.” शांताराम हा नानांचा फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. माणूस सरळ आणि फोटोचा हौशी. मी निरोप दिला. मी तेव्हा नववीत होते, काळ्या धुराचा अर्थ मला पुरता ठाऊक होता, आणि तरीही दिला. कारण फोटो चांगला यावा असे मलाही वाटत होते. संध्याकाळी मामाच्या सायकलवर डबलसीट बसून मी बोरविहीरच्या वळणावर गेले. कपाशीच्या शेताच्या बांधावरून आम्ही पाहत होतो. आधी रूळ वाजू लागले, मग गाडी वळणावर आली, आणि धुराड्यातून काळ्या धुराचा एवढा मोठा डोंगर उठला, की मागचे आकाश दिसेना. मी टाळ्या वाजवल्या. मामाने दोन फोटो घेतले. पहिला, धूर उठण्याआधीचा, त्याच्या मते फुकट गेला.

महिनाभराने मामा दुसरा फोटो मोठा करून, चौकटीत बसवून घेऊन आला. नानांनी चष्मा लावला. फोटो खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

“हाई इंजिन कोनं शे?”

मामा हसला. “तुमचंच की, दाजी! हे बघा, खिडकीत तुम्ही.”

“मनं नही,” नाना म्हणाले. त्यांनी चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तबल्यावर कापड टाकून बाहेर निघून गेले. मामाने ती चौकट परत नेली आणि जळगावच्या स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावली. लोक थांबून पाहत. नाना वर्षभर त्या रस्त्याने गेले नाहीत. निरोप कोणी पोहोचवला, हे त्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

त्यानंतर डिझेल आले. म्हणजे आधी डिझेलची परीक्षा आली. वाफेच्या चालकांना भुसावळच्या प्रशिक्षणवर्गात काही आठवडे पाठवीत, आणि शेवटी लेखी व तोंडी परीक्षा. पास झाले तर डिझेलवर चालक. नापास झाले तर आणखी एक संधी. तीही गेली तर शेडमधले बैठे काम, रिटायर होईपर्यंत. नाना पहिल्या खेपेला नापास झाले. त्यांच्या हातून एकही सिग्नल कधी चुकला नव्हता. ते घरी आले तेव्हा त्यांच्या पिशवीत चारशे पानांची छापील टिपणे होती, निम्मी हिंदीत आणि निम्मी इंग्रजीत. ती त्यांनी कोनाड्यात ठेवली आणि म्हणाले, “घरघर, घरघर. त्याले ना ठेका ना श्वास. माले हाई जमाव नही.” मायने काही विचारले नाही. पण त्या आठवड्यात भरीत दोनदा झाले, यावरून मला परिस्थिती समजली.

दुसऱ्या परीक्षेला दीड महिना होता. मी अकरावीला विज्ञान शाखेत होते आणि वर्गात पहिली येत असे, त्यामुळे शिकवणे म्हणजे काय ते आपल्याला कळते अशी माझी खात्री होती. मी नानांना शिकवायचे ठरवले. मधल्या दाराच्या आतल्या बाजूवर खडूने आकृत्या काढल्या. टिपणांचे मराठीत भाषांतर करून प्रश्नोत्तरे तयार केली. ती रोज दहा पाठ करायची आणि दुसऱ्या दिवशी मी विचारायची. नाना पाटावर मांडी घालून बसत, मी खुर्चीवर. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला: डिझेल इंजिनात हवा दाबून भरण्याचे यंत्र कशावर चालते? नाना दाराकडे पाहत राहिले. मी खडू ठेवला आणि म्हणाले, “नाना, एवढं सोपं आहे. चौथीच्या पोरालाही येईल.”

नाना उठले. “तू मनी मास्तरीण शेस का?” ते मोठ्याने बोलले नाहीत. त्यांनी हात दारावरून फिरवला; आकृती पुसली गेली आणि पंजाचा पांढरा फराटा उरला. ते अंगणात जाऊन बसले.

माय चुलीपासून म्हणाली, “बापले कोनी आसं बोलस का?” मग थोड्या वेळाने, तव्यावरची भाकरी उलटता उलटता, “तुले बंब पेटाडता येत नव्हता तवय तेसनी तुले काय सांगेल व्हतं?”

मी आठवत राहिले. बंब शिकवताना नानांनी मला काहीही पाठ करायला लावले नव्हते. त्यांनी मला धुराड्याकडे बघायला सांगितले होते आणि विचारले होते, “काय दिसस?” पुढे शिक्षिका म्हणून मी अध्यापनाची पदवी घेतली, अनेक शिबिरे केली, आणि ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे हे तत्त्व पुस्तकांतून वाचले. ते मला मिळाले होते ते मायच्या तव्यासमोर, आणि अर्धवट टोमण्याच्या रूपात.

रविवारी मी एकटी बसने जळगावला गेले. मामाला म्हटले, “काचेतला फोटो दे.”

“का गं? दाजींनी फोडायला मागितलाय?”

“परीक्षेसाठी पाहिजे.”

मामा विनोद करणार होता, पण माझा चेहरा पाहून थांबला. त्याने चौकट काढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळली. “कुमू,” तो म्हणाला, “त्या शांतारामला बोलणी खावी लागली असतील ना? चूक माझी होती.” मी म्हटले, “अर्धी माझी होती.”

त्या संध्याकाळी मी खुर्चीवर बसले नाही. फोटो नानांच्या समोर जमिनीवर ठेवला आणि पलीकडे बसले. त्यांचा चेहरा कठोर झाला. ते उठण्याआधी मी बोलून टाकले. “नाना, शांतारामला निरोप मी दिला होता. मला कळत होतं आणि तरी दिला. आता मला हे सांगा. या फोटोत काय चुकलं आहे?”

नानांनी चष्मा काढून धोतराला पुसला, परत लावला, आणि बोट धुराड्यावर ठेवले. “आठे पाह्य.” आणि ते बोलू लागले. एकदम कोळसा पडला की भट्टीचे तोंड कसे दाटते, खालची हवा कशी कोंडते, वायू न जळताच कसा निघून जातो, चढावर वाफेचा दाब कसा पडतो, दोष शोधताना आधी कुठे बघायचे आणि मग कुठे. अर्धा तास झाला. माझ्याकडे वही होती. मी लिहून घेत होते. ते थांबले तेव्हा मी टिपणांतले एक पान उघडले आणि वाचले: डिझेल इंजिनाच्या धुराड्यातून काळा धूर येत असल्यास कारणे कोणती?

नानांनी पान माझ्या हातातून घेतले. “हवा कमी पडनी,” ते म्हणाले, “नही ते तेल जास्ती व्हयनं.”

“मग आधी कुठे बघायचं?”

“हवा आत येस तठे. गायनी तुंबेल राही.” गाळणीबद्दल त्या पानावर नेमके तेच लिहिले होते. मी त्यांना ते दाखवले. नानांनी ओळीवरून बोट फिरवले, पुन्हा फिरवले. “हाई ते माले माहीत शे,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंदापेक्षा तक्रार अधिक होती. एवढे दिवस ही गोष्ट कोणी सांगितली का नाही, अशी.

त्या दिवसापासून शिकवणारे ते झाले आणि मी विद्यार्थिनी. वाफेच्या इंजिनातल्या एका भागाचे काम ते मला समजावून सांगत, आणि मग मी डिझेलमधला त्याचा भाऊबंद शोधून काढी. जिथे भाऊबंद नसे, तिथे नाना म्हणत, “हाऊ पाहुना शे,” आणि पाहुण्याची चौकशी जास्त कसून होई. सगळ्यात मोठा पाहुणा होता सिलिंडरांचा क्रम. वाफेच्या इंजिनाला दोन सिलिंडर. डिझेलला सोळा, आठ उजवीकडे आणि आठ डावीकडे, आणि ते एकामागून एक ठरावीक क्रमाने पेटतात. पहिल्या परीक्षेत हाच क्रम नानांना आठवला नव्हता. मी आकडे वाचले: उजवा एक, डावा एक, उजवा चार, डावा चार…

“किती म्हन्ली?”

“सोळा.”

नाना उठले. तबल्यावरचे कापड काढले. उजवा हात तबल्यावर, डावा डग्ग्यावर. “आते सांग. सावकाश.” मी आकडे वाचत गेले आणि ते उजव्याला उजवा, डाव्याला डावा हात टाकत गेले. दुसऱ्या आवर्तनाला माझी गरज उरली नाही. तिसऱ्याला समेवर त्यांनी मान हलवली. “ठेका शे,” ते मायला ओरडून म्हणाले, “आयकी र्‍हायनी का? घाई करस म्हनीसन आयकू येत नव्हता!” माय पदराला हात पुसत दारात आली, ऐकत उभी राहिली, आणि मागे भाकरी करपल्याचा वास आला तरी तिने वळून पाहिले नाही.

परीक्षेहून आल्यावर नानांनी सांगितलेला वृत्तान्त त्यांच्याच क्रमाने देते. तोंडी परीक्षेत साहेबांनी सिलिंडरांचा क्रम विचारला. नाना डोळे मिटून टेबलाच्या कडेवर बोटे आपटू लागले. साहेब म्हणाले, “हे काय करताय?” नाना म्हणाले, “साहेब, समेपर्यंत थांबा.” मग काळ्या धुराचा प्रश्न आला. त्यावर ते इतका वेळ बोलले, की साहेबांनी हात वर करून थांबवले. निकाल लागला तेव्हा नाना पास होते. पेढे मामाने आणले, आणि पेढ्यांबरोबर दुसरा एक लहान फोटो: त्या दिवशी फुकट गेलेला, धूर उठण्याआधीचा. वळणावरचे इंजिन, वर स्वच्छ आकाश, खिडकीत नाना. “हाई मनं,” नाना म्हणाले. तो आजही माझ्या टेबलावर आहे. काळ्या धुराचा मोठा फोटो मी शाळेला दिला आणि दरवर्षी ज्वलनाच्या धड्याला तो वर्गात नेत असे. हल्ली वाफेच्या गाड्यांची सुंदर पुस्तके मिळतात. पानापानावर काळे लोट असतात आणि वाचक त्यावर लुब्ध होतात. मी ते पाहते आणि विचार करते, की प्रत्येक लोटामागे कोणीतरी कोणालातरी निरोप पोहोचवला असेल. गाडी खरीच त्या वळणावरून गेली एवढे फोटो सिद्ध करतो. चार फावडी कोणी जास्त टाकली, ते मात्र आपल्याला विचारावे लागते.

नाना डिझेल घेऊन पहिल्यांदा आले ती संध्याकाळ सांगून थांबते. माय दुपारपासून कान देऊन होती. मोहाडीकडून भोंगा वाजला, जाड आणि सपाट. तिने माझ्याकडे पाहिले. “तेसना शे का?” भोंग्याचे टोक तुटता तुटता किंचित खाली आले, किंवा आम्हांला तसे वाटले. मी म्हटले, “त्यांचाच.” मी बंब पेटवायला बसले, तासाभराचा अवधी होता. पण डिझेलला राख पाडायची नसते आणि पाणी भरायचे नसते. पाऊण तास आधीच अंगणाचे फाटक वाजले. मी घाईने उरलेला सगळा कोळसा एकदम आत लोटला.

नाना अंगणात उभे होते. सदरा सकाळी घातला तसा पांढरा, हात स्वच्छ. माय तांब्या घेऊन मोरीशी उभी होती आणि काय धुवायचे ते दोघांनाही कळत नव्हते. मग नानांनी मान वर केली. बंबाच्या धुराड्यातून काळाभोर लोट चालला होता.

“मास्तरीणबाई,” ते म्हणाले, “काय दिसस?”

त्यांनी बाह्या सारल्या, बंबापाशी उकिडवे बसले, वरचा कोळसा एकेक करून काढला, उरलेला पसरला आणि राखेचे दार बोटभर उघडले. धूर विरळ झाला, मग दिसेनासा झाला. नाना उठले तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते. ते मोरीवर गेले. मायने पाणी ओतायला सुरुवात केली, आणि पाणी निवळेपर्यंत दोघांपैकी कोणीही बोलले नाही.